प्रवेश करायचा आहे

१

दुपारचं जेवण झालं, ओटा पुसून झाला, की आनंदी आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावायची. पासष्टी ओलांडली तरी तिनं काम सोडलं नव्हतं. कोथरूडच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं की लेलेकाकूंकडे पुस्तकाची अक्षरजुळणी करून मिळते, आणि अशुद्ध लिहून नेलं तर वर चार शब्दही ऐकून मिळतात.

कॉम्प्युटर सुरू झाला की ती पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडायची, आणि ते उघडण्याआधी ती खिडकी यायची. साइन इन करा. पूर्वी असं नव्हतं. एकदा विकत घेतलं की ते आपलं, मिक्सरसारखं. मग कधीतरी कुठलंसं अपडेट आलं आणि तेव्हापासून रोज इंग्रजीत तीच चौकशी: तुमचं खातं कोणतं, पासवर्ड काय. खाली बारीक अक्षरात 'नंतर' अशा अर्थाचं एक बटण. ते दाबलं की खिडकी जायची, आणि काम जरा रंगात आलं की पुन्हा येऊन उभी राहायची.

श्यामसुंदर होता तेव्हा त्यालाही तिचा वैताग यायचा. "घर आमचं, यंत्र आमचं," तो म्हणायचा, "आणि हा दारात उभा राहून आम्हालाच विचारतो, आपण कोण." तोही 'नंतर' दाबायचा. गेल्याच्या गेल्या चैत्रात तो गेला. खिडकी येत राहिली, आनंदी 'नंतर' दाबत राहिली.

त्या दिवशी ती खिडकी मराठीत आली.

'प्रवेशासाठी आपले नाव लिहा.'

"आलात एकदाचे शुद्धीवर," आनंदी रिकाम्या खोलीला म्हणाली, आणि तिनं 'नंतर' दाबलं. तेही आता मराठीतच होतं.

चहाला आधण ठेवताना मात्र तिचा हात थांबला. तिला ती अक्षरं पुन्हा दिसली. हल्ली कॉम्प्युटरवर श आणि ल येतात ते हिंदी वळणाचे. जुन्या मराठी छपाईतला देठाचा श आणि पाकळीचा ल आता शोधावा लागतो. श्यामसुंदरला त्या दोन अक्षरांचं वेड होतं. बुधवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात बसून त्यानं एक अख्खा फॉन्ट अक्षर अक्षर कोरून दुरुस्त केला होता. त्याचा ल त्याच्याच हातचा, पाकळी किंचित खाली झुकलेली, झोप येत असल्यासारखी. तो फॉन्ट जुन्या मशीनबरोबर केव्हाच बंद पडला होता.

खिडकीतला श देठाचा होता. आणि 'आपले'मधल्या लची पाकळी झुकलेली होती.

२

रविवारी पुतणी आली. तनुजा नवऱ्याबरोबर, इंद्रजीतबरोबर, धायरीला राहायची, आयटीत होती, आणि काका गेल्यापासून दर रविवारी काकूकडे जेवायला यायची, म्हणजे काकू एकटी जेवत नाही एवढी तिची खात्री व्हायची.

"काकू, मराठीत येणं शक्य नाही," ती कॉम्प्युटरसमोर बसत म्हणाली. "ह्या सॉफ्टवेअरला मराठी नाहीचे. मेनू बघ ना, सगळा इंग्लिश."

"मला वाचता येतं, तनू. तेवढंच तर येतं."

"तसं नाही गं. कधीतरी ब्राउझर आपोआप ट्रान्सलेट करतो, तसलं काही झालं असेल."

तिनं सॉफ्टवेअर उघडलं. खिडकी आली ती इंग्रजीत, नेहमीसारखी. तनुजानं काकूकडे पाहिलं, काकूनं भिंतीकडे.

मग तनुजानं बरंच काही केलं. काकांचं जुनं खातं कुठल्या कोपऱ्यात राहिलं होतं ते काढून टाकलं. जपून ठेवलेले पासवर्ड पुसले. कॉम्प्युटर लावल्याबरोबर जे आपसूक सुरू होत होतं ते बंद केलं. 'पुन्हा विचारू नका' अशी एक चौकट होती, तिच्यात खूण केली. "आणि हे बघ, आता ह्याला इंटरनेटच मिळणार नाही," ती म्हणाली आणि तिनं मागची वायर काढून गुंडाळून कपाटावर ठेवली. "फाइल पाठवायची असली की फोनवरून पाठव. विचारायला बाहेर जाताच आलं नाही, तर विचारेल कसं?"

तिनं दोनदा बंद करून पुन्हा उघडून दाखवलं. खिडकी आली नाही.

"झालं. आता शांतपणे काम कर."

जाताना दारात चपला घालता घालता तनुजानं विचारलं, "काकू, तुला इथं एकटीला करमत नसेल तर..."

"मला छान करमतं," आनंदी म्हणाली. "तू भाजी कमी तिखट करायला शीक, म्हणजे मी येईन."

३

खिडकी खरंच गेली. आठवडाभर आनंदीनं धायरीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आठवणींचं पुस्तक बिनबोभाट लावलं. धायरी तेव्हा खेडं होतं, ओढ्याकाठी बैल धुवायचे, असलं सगळं. चांगलं लिहिलं होतं. पण हात मधेच थबकायचा. पडद्याच्या मध्यावर जिथं खिडकी यायची तिथं नजर जायची, आणि तिथं काही नसायचं.

तिला बुधवार पेठेतलं दुकान आठवायचं. पुस्तकांच्या दुकानांच्या वर, लाकडी जिन्याची एक चिंचोळी खोली. बाहेर श्यामसुंदरनं पाटी लावली होती: 'घाईचे काम उद्या मिळेल. बिनघाईचे परवा.' शाळा सुरू व्हायच्या सुमाराला खाली इतकी गर्दी व्हायची की जेवणाचा डबा दोरीनं वर ओढावा लागे. दुपारी मुद्रितं तपासायची. मूळ प्रत आनंदी मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि श्यामसुंदर छापील कागदावर लाल पेन चालवायचा. "नदी स्वल्पविराम ओढा स्वल्पविराम आणि विहीर पूर्णविराम." खालून रिक्षांचे भोंगे, दगडूशेठच्या बाजूनं कधी आरती, आणि मधेच त्याचा आवाज: "दीर्घ का?" "दीर्घ." बाकी बोलणं फारसं नाहीच. संसारातली कितीतरी वर्षं त्या दोघांनी दुसऱ्यांची वाक्यं एकमेकांना वाचून दाखवण्यात घालवली, आणि त्यात काही कमी पडलं असं आनंदीला कधी वाटलं नाही.

असंच आठवत बसलेली असताना खिडकी आली.

वायर कपाटावर होती. आनंदीनं मान वळवून ती पाहिलीसुद्धा.

'प्रवेश करायचा आहे.'

खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नंतर'.

सवयीनं तिनं आधी ते मुद्रित तपासल्यासारखं वाचलं. 'का' राहिला आहे, प्रश्नचिन्ह नाही. करायचा आहे, पण कुणाला? वाक्याला कर्ता नाही. मग तिनं ते पुन्हा वाचलं, या वेळी नुसतंच: कुणालातरी आत यायचं होतं.

तिनं 'नंतर' दाबलं. खिडकी गेली. थोड्या वेळानं आली. तेच वाक्य, तोच देठाचा श.

तनुजा म्हणेल, मशीनमध्ये जुनं काहीतरी साठून राहिलं असेल. असेलही. श्यामसुंदरचा फॉन्ट कुठंतरी खोल राहिला असेल, आणि सॉफ्टवेअरला हाताशी दुसरं काही सापडलं नाही म्हणून त्यानं तोच उचलला असेल. आनंदीनं स्वतःला हे सगळं नीट समजावलं. पण मनाच्या तळाशी दुसरंच एक वाक्य होतं, आणि त्याला कर्ता होता.

चार-पाच दुपारी ती 'नंतर' दाबत राहिली. सहाव्या की सातव्या दुपारी सोसायटीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, तिचं लक्ष नव्हतं, डोळे भरून आले होते, आणि तिनं 'हो' दाबलं.

काहीच झालं नाही. खिडकी मिटली, सॉफ्टवेअर उघडलं, मुख्याध्यापकांचा ओढा जिथल्या तिथं होता.

४

त्यानंतरचे दिवस, नंतर आनंदीला कबूल करावं लागलं, फार सुखाचे गेले.

खिडकी पुन्हा आली नाही. दुपारी ती बाहेरच्या खोलीत जरा आडवी व्हायची, आणि झोप आणि जाग यांच्या मधल्या पट्टीत तिला आतून आवाज यायचा. की-बोर्डचा. चट, चट, चटचट, मग थांबा, मग एकच मोठं बटण. श्यामसुंदर असाच टाइप करायचा, दोन बोटांनी, रागावल्यासारखा. ती उठून बघायला जायची नाही. डोळे मिटून ऐकत पडायची. वरच्या मजल्यावरचा केयूर घरून काम करतो, आवाज त्याचा असेल, भिंती पातळ आहेत, असं ती स्वतःशी म्हणायची. आणि हेही तिला ठाऊक होतं की केयूर गेला महिनाभर बंगळूरला आहे.

उठून आत गेलं की खुर्ची थोडी मागं सरकलेली असायची. पानांवर बारीकसारीक सुधारणा झालेल्या असायच्या. दोन शब्दांमधली जागा, ओळीच्या शेवटी लटकलेलं एखादं अक्षर. तिला हव्या होत्या तशाच.

एकदा तिनं खोलीच्या दाराबाहेर उभं राहून मूळ प्रत मोठ्यानं वाचली. विरामचिन्हांसकट. आतून चटचट होत राहिली, तिच्या वाचण्याच्या लयीत. तिनं प्रकरण संपेपर्यंत वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून ती रडली, आणि रात्री तिला गाढ झोप लागली.

रविवारी तनुजा म्हणाली, "काकू, तू बरी दिसतेस. खिडकी आली नाही ना परत?"

"नाही," आनंदी म्हणाली. ते खरंच होतं.

५

पुस्तक संपत आलं तसं तिनं शेवटचं वाचन करायला कागदावर प्रती काढल्या. बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, लाल पेन घेऊन बसली.

पहिल्याच पानावर श्रेयनामावली होती. अक्षररचना: आनंदि लेले.

तिला हसू आलं. तुझा बाप जरी उठून आला तरी दी दीर्घच, असं श्यामसुंदर गिऱ्हाइकांना सुनवायचा, आणि आता बायकोच्याच नावात चूक. तिनं पेन टेकवलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून सहज म्हटलं, "दीर्घ."

आत एक बटण वाजलं.

तिनं पुढचं पान घेतलं. 'नदि'. 'भाकरि'. 'माझि आई'. मग 'दीवस'. 'विहीर' असायला हवं तर 'वीहिर'. 'आणी', प्रत्येक ठिकाणी 'आणी'.

उकार सगळे जागच्या जागी होते. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं ठीक. नुसत्या वेलांट्या. जिथं पहिली हवी तिथं दुसरी, आणि जिथं दुसरी हवी तिथं पहिली. एकही सुटली नव्हती. इतकं काटेकोर चुकणं माणसाला जमत नाही. माणूस चुकून कुठंतरी बरोबर लिहून जातो.

आनंदी कितीतरी वेळ ते पान मांडीवर घेऊन बसली. तिला काहीतरी आठवत होतं आणि हाताला लागत नव्हतं. मग लागलं. दुकानातले बटर पेपर. छपाईची प्लेट करायला तेव्हा अर्धपारदर्शक कागदावर मजकूर काढायचा, आणि नवखं माणूस तो कागद हमखास पालथा धरायचं. पालथ्या बाजूनं पाहिलं की डावीकडची वेलांटी उजवीकडे दिसते आणि उजवीकडची डावीकडे.

इतकी वर्षं श्यामसुंदर पडद्याच्या या बाजूला बसून लिहीत होता. ते लिहिणं पलीकडच्या बाजूनं कुणीतरी वाचत होतं.

तिनं कागद खाली ठेवला. आतली चटचट थांबलेली होती, आणि ती थांबली आहे हे तिला आत्ता कळलं. केव्हापासून, ते सांगता आलं नसतं.

६

तिनं तनुजाला फोन लावला. आवाज शक्य तेवढा नेहमीचा ठेवून म्हणाली, "तनू, साइन इन झालेलं काढायचं कसं गं?"

"कुणी केलं साइन इन?"

"मीच. चुकून 'हो' दाबलं."

"अगं पण नेट नाहीये तर साइन इन होईलच कसं?" तनुजाचा आवाज बदलला. "काकू, तू ठीक आहेस ना? थांब, मी सांगते तसं कर. नाहीतर सरळ प्लग काढ. संध्याकाळी मी आणि इंद्रजीत येतो आणि मशीनच घेऊन जातो. बास झालं ते."

आनंदी आतल्या खोलीत गेली. खुर्ची टेबलापासून मागं होती. पडद्यावर मुख्याध्यापकांचं शेवटचं पान होतं. ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच, फोन कानाशी धरून, तनुजा सांगेल तसं एकेक उघडत गेली. खात्यांची जागा आली. तिथं एक ओळ होती, पण त्या ओळीत नाव नव्हतं, नुसती नावाएवढी मोकळी जागा.

"दिसतंय का काही?"

"दिसतंय."

"मग काढून टाक ते."

बटणावर बाण आणल्यावर तिला वाटलं, एकदा तरी विचारावं. अहो, तुम्हीच आहात का. एवढंच. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की ते जे काही उत्तर देईल ते आपल्याला हवं तसंच असेल. तिनं बटण दाबलं. ओळ गेली. मग वाकून तिनं भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला, मशीनमधल्या पंख्याची घरघर विरली.

"काढलं," ती म्हणाली.

"छान. आता चहा घे मस्त. आम्ही निघतोच थोड्या वेळात."

आनंदीनं चहा ठेवला. ऊन ओट्यावर आलं होतं. खाली पोरं सायकली फिरवत होती, कुणाचीतरी आई त्यांना रागावत होती. तिला रिकामं वाटत होतं, आणि हलकंही. आपण आज त्याला दुसऱ्यांदा पोचवून आलो, असं काहीसं. साखर घालायला तिनं डबा उघडला, आणि आत खुर्ची करकरली.

लाकूड उन्हानं तडतडतं. तिनं साखर घातली. चमचा ढवळला.

चट. चट. चटचट.

ती कप तिथंच ठेवून आतल्या दारापर्यंत गेली. दार अर्धं उघडं होतं. टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं होतं, त्यामुळे दारातून खुर्चीची पाठ दिसायची. लाकडी, उभ्या पट्ट्यांची पाठ. प्लगची वायर जमिनीवर तशीच पडली होती.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गुडघे टेबलाखाली. कोपरं पुढं, हात की-बोर्डकडे. बसायची ढब तीच, एक खांदा जरा उतरलेला. आनंदीच्या घशात हाक आली.

मग खुर्चीच्या पट्ट्यांमधून तिला शर्टाची बटणं दिसली.

ती एकाखाली एक होती, अगदी मध्यावर, नीट लावलेली. बाजूला खिसा, खिशात पेन. पाठीवर. तिच्याकडे. आनंदीची नजर गळ्याजवळच्या बटणापर्यंत चढली, आणि तिथं तिनं ती सगळा जीव एकवटून थांबवली. वर पाहिलं नाही.

"आलेच हं," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा निघाला. "दूध संपलंय, घेऊन येते."

चटचट थांबली. ती बाहेरच्या खोलीतून, दारातून, जिन्यावरून खाली गेली, पायात काही न घालता. खुर्ची पुन्हा वाजली तो आवाज तिनं ऐकला. वळताना वाजते तशी ती वाजली नाही, उठताना वाजते तशी वाजली. वळायची त्याला गरजच नव्हती.

७

तनुजा आणि इंद्रजीत आले तेव्हा ती सोसायटीच्या फाटकाशी, वॉचमनच्या स्टुलावर बसलेली होती. ते दोघं वर जाऊन आले. खोलीत कुणी नव्हतं. गॅसही बंद होता; तो आपण बंद केला होता का, हे आनंदीला आठवलं नाही. मशीन त्यांनी गाडीत घातलं आणि परस्पर भंगारात दिलं. तनुजानं त्या दिवशी काही विचारलं नाही, पुढंही फारसं नाही.

आनंदी आता धायरीला असते. फ्लॅटला कुलूप आहे. भाड्यानं द्यायची गोष्ट इंद्रजीतनं काढली तेव्हा ती फक्त "नको" म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यानं विषय सोडला. मुख्याध्यापकांचं पुस्तक दुसऱ्या कुणी पूर्ण केलं. तिच्या नावातली दी आता दीर्घ आहे.

घरात कुणी पाठमोरं बसलेलं असलं की ती खोलीत शिरत नाही. दारातून हाक मारते, आणि ते माणूस मान वळवून "काय गं काकू" म्हणेपर्यंत उंबऱ्यावर उभी राहते.

त्याचं तिला फार वाटत नाही. भीती हळूहळू जुनी होते. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते तिनं तनुजालाही सांगितलेलं नाही. बुधवार पेठेतली ती खोली इतकी अरुंद होती की दोन टेबलं एकामागं एक लावावी लागत. पुढं श्यामसुंदर, मागं आनंदी. आयुष्यात तिनं त्याचं तोंड पाहिलं त्यापेक्षा किती तरी जास्त त्याची पाठ पाहिली. मानेवरचा केसांचा भोवरा, उन्हाळ्यात शर्टावर धरणारा घामाचा नकाशा, हसला की आधी हलणारे खांदे. तो हसतोय हे तिला मागून आधी कळायचं.

ते सगळं शब्दांत तिला अजून सांगता येतं. पण डोळे मिटून बघायला गेली, की ते दुकान दिसतं, पुढचं टेबल दिसतं, टेबलाशी बसलेला श्यामसुंदर दिसतो, आणि तो तिच्याकडेच बघत असतो.